बार भरताना होणाऱ्या चुका

ज्यांनी जन्मात कधी बंदूक हाती धरली नाही, असे सभ्य गृहस्थही बोलताना बंदुकीचीच भाषा बोलतात. ट्रंक कपड्यांनी ठासून भरलेली असते, गाजावाजा झालेले व्याख्यान फुसका बार ठरते, आणि स्वतः पुढे न होणारा मनुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. ही सारी बोली ठासणीच्या बंदुकीतून आणि तोफेच्या तोंडातून घराघरांत आली आहे. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन शब्द तर मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. पोर्तुगीजांचे नाव निघाले म्हणजे उत्तर कोकणात वसईचे नाव निघावयाचेच. शब्द घेता येतो, शस्त्रही घेता येते, परंतु त्या शस्त्राबरोबर जी शिस्त यावी लागते ती उसनी मिळत नाही. ती ज्याची त्यालाच अंगी बाणवावी लागते. आजच्या भाषणाचा विषय ती शिस्त हाच आहे. आपल्या हाताने बार भरणाऱ्याच्या चुका कोणत्या, त्या कशा टळतात आणि न टळल्या तर काय घडते, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

ठाणे जिल्ह्याच्या रानांत एकोणिसाव्या शतकात वाघ होते आणि रानडुक्कर, भेकर, ससा ही तर नेहमीची शिकार असे. त्या काळी शिकाऱ्याला तयार काडतूस सहज मिळत नसे. त्याच्याजवळ ठासणीची बंदूक असली तर प्रत्येक बार रानातच भरावा लागे. आणि काडतुशी बंदूक असली तरी वापरलेली पितळी काडतुसे फेकून न देता ती घरी आणून पुन्हा भरण्याची चाल होती. पावसाळ्याच्या दिवसांत कंदिलापाशी बसून दारू, बोळे व छर्रे जवळ घेऊन काडतुसे भरीत बसणे, हा शिकारीचा अर्धा आनंद मानला जाई. आज ती शिकार कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कामातील चुका माणसाच्या स्वभावातून उत्पन्न होणाऱ्या असल्यामुळे त्या शिकारीबरोबर संपलेल्या नाहीत.

ह्या सर्व चुकांचा एक सामान्य धर्म आहे. बार उडताना चूक दिसते, परंतु ती घडलेली असते बार भरताना. स्वयंपाकात मीठ जास्त पडले तर पहिल्या घासालाच कळते आणि उपायही करता येतो. बाराचे तसे नाही. त्यात काय भरले आहे, किती भरले आहे आणि कोठे राहिले आहे, हे बाहेरून दिसत नाही. चूक नळीच्या काळोखात गप्प बसून राहते आणि ज्या क्षणी ती बोलते, त्या क्षणी ऐकणाऱ्याचा गाल नळीला लागलेला असतो. म्हणून ह्या धंद्यात सुधारणेला जागा एकच, आणि ती म्हणजे भरण्याची वेळ.

पहिली चूक मापाची. जुन्या काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांची काळी पूड, आणि ती डब्याने वा शिंगाने बरोबर नेत. घाईत असलेला शिकारी ती शिंगातूनच सरळ नळीत ओती आणि अदमासाने हात थांबवी. ह्यात दोन धोके असत. एक म्हणजे अदमास हा हाताच्या थकव्याप्रमाणे बदलतो. दुसरा त्याहून भयंकर. आधीच्या बाराचा एखादा जळका बोळा नळीच्या तळाशी धुमसत असला, तर ओतली जाणारी दारू पेटते आणि ती ज्वाळा वर चढून हातातील सबंध शिंग पेटविते. मापाने दारू घेणाऱ्याच्या हातात त्या वेळी फक्त एका बाराची दारू असते. माप हे केवळ अचूकपणासाठी नसून अपघात लहान ठेवण्यासाठीही असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मापाच्या ह्या प्रश्नाला पुढे एक नवे वळण लागले. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय ह्या रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, आणि थोड्याच वर्षांत साऱ्या जगातील सैन्यांनी ती स्वीकारली. ही दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. काळ्या दारूचे जे माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्याच मापाने ही नवी दारू घेतली तर नळी टिकत नाही. तिचे तुकडे होतात, आणि ते तुकडे ज्या हाताने नळी धरलेली असते त्याच हातात शिरतात. जुनी बंदूक, जुने माप आणि नवी दारू ह्या तिघांच्या गाठीभेटीने देशोदेशी किती हात व किती डोळे गेले, त्याला गणती नाही. येथे चूक अज्ञानाची नसते. दोन डबे शेजारी असतात आणि एकाची दारू दुसऱ्यात पडते, किंवा उरलेली दारू कोठल्या डब्यातली हे आठवत नाही. ह्यावरचा उपाय जाणत्या लोकांनी ठरवूनच ठेवला आहे. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, उरलेली दारू तिच्या मूळ डब्यातच परत जावी, आणि ज्या दारूची ओळख निःसंशय पटत नाही ती कोणीही वापरू नये. नावाची चिठ्ठी गेलेला डबा हा दारूचा डबा नव्हे, तो संकटाचा डबा होय.

दुसरी चूक विस्मरणाची, म्हणजे एकावर एक दोन बार भरण्याची. ही चूक गांगरलेल्या माणसाकडून किती सहज घडते, ह्याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतील यादवी युद्धात मिळाला. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्ग येथे लढाई झाल्यावर रणांगणावर पडलेल्या सुमारे सत्तावीस हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. तपासणीत असे आढळले की, त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्याच होत्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या बंदुकांत दोन-दोन बार होते, कित्येकींत तीन ते दहा बार होते, आणि एका बंदुकीत तर एकावर एक असे तेवीस बार ठासलेले निघाले. ते शिपाई कवायत शिकलेले होते. परंतु कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात आपली बंदूक उडाली की शेजाऱ्याची, हेच त्यांस कळले नाही. हात सवयीने भरीत राहिले आणि मन त्या कामावर नव्हते.

घरी काडतुसे भरणाऱ्याभोवती रणधुमाळी नसते. तेथे तिचे काम पाहुणा करतो, गप्पा करतात, दारावरची हाक करते. दहाव्या काडतुसात दारू घातली की नाही, असा संशय येतो आणि मनुष्य 'असू द्या, घालू या' म्हणून पुन्हा माप ओततो. जुने सावध शिकारी ह्यासाठी एक साधी युक्ती करीत. भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात सगळी काडतुसे उभी करावयाची, सगळ्यांत दारू घालून झाली म्हणजे ठोकळा उजेडात धरून प्रत्येकाच्या पोटात डोकावून पाहावयाचे, आणि सर्वांतील दारू एकाच उंचीला दिसली तरच बोळे बसवावयाचे. ह्यास मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. ठासणीच्या बंदुकीसाठी तशीच युक्ती गजाची होती. रिकाम्या नळीत गज कोठवर जातो त्याची एक खूण आणि एक बार भरल्यावर कोठवर जातो त्याची दुसरी खूण, अशा दोन खुणा गजावरच कोरून ठेवीत. गज नळीत सोडला की बंदूक रिकामी आहे, भरलेली आहे की दुबार भरलेली आहे, हे खूणच सांगे. स्मरणशक्तीवर विश्वास न ठेवता खुणेवर ठेवणे, हे ह्या विद्येतील मोठे शहाणपण आहे.

तिसरी चूक पोकळीची. ठासणीच्या बंदुकीत गोळी खाली दारूला टेकलीच पाहिजे. ती अर्ध्यावर अडकली आणि मध्ये हवा राहिली, तर दारूचा जोर गोळीवर सारखा न पडता त्या जागी नळीवर पडतो आणि नळी तेथे फुगते अथवा फाटते. म्हणून बार 'ठासून' भरावयाचा. ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळ भरणे असा नाही. मध्ये जागा न ठेवता भरणे, असा आहे. ह्याच वर्गातील आणखी एक चूक म्हणजे केप किंवा रंजक आधी आणि ठासणे नंतर. कानाशी रंजक घालून मग गज मारणारा मनुष्य, दाराला आतून कडी न लावता चोराला हाक मारणाऱ्यासारखा आहे. पेटविण्याचे साधन नेहमी शेवटी, आणि तेही नळीचे तोंड निर्धोक दिशेस केल्यावर, हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा करावयाचा नसतो.

ह्याच ठिकाणी फुसक्या बाराचा विचार केला पाहिजे. बोलण्यात फुसका बार हा थट्टेचा विषय असला, तरी बंदुकीत तो थट्टेचा विषय नाही. काडतुसात दारू कमी पडली किंवा मुळीच पडली नाही, तर नुसत्या केपेच्या जोराने बोळा अथवा गोळी नळीत थोडी पुढे सरकते आणि तेथेच अडकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक येतो, धक्का लागत नाही. अधीर शिकारी चरफडतो, दुसरे काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. ह्या वेळी बार पुरता असतो, परंतु त्याची वाट बंद असते, आणि नळी फुटते. म्हणजे इजा पुऱ्या बाराने केली असे दिसले तरी अपराधी पहिला फुसका बारच असतो. आवाज वेगळा वाटला की थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्यावाचून पुढचा बार भरू नये, हा नियम त्यातूनच निघाला.

चौथी चूक शेजाराची. दारूच्या शेजारी काय आहे, ह्याकडे दुर्लक्ष. दारूच्या कारखान्यांत लोखंडी हत्यारे नसतात, तांब्या-पितळेची किंवा लाकडाची असतात. खिळे मारलेली पादत्राणे आत नेऊ देत नाहीत, आणि आगपेटी दारावरच ठेवावी लागते. घरी बसलेला हौशी मनुष्य मात्र विडी ओढीत दारू मोजतो. ह्या चुकीचे अतिभयंकर स्वरूप मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटक माल होता, आणि कराचीला त्याच जहाजात कापसाचे हजारो गठ्ठे चढविण्यात आले होते. दुपारी कापसाने पेट घेतला. कापसाची आग आतल्या आत धुमसते आणि पाण्याने लवकर विझत नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्याएक तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि आग विझविताना अग्निशामक दलाचे साठाहून अधिक जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. दारू एकटी असताना बहुधा शांत असते. तिच्या शेजाऱ्याची निवड करणे मात्र माणसाच्या हाती असते.

आता पाचवी चूक. ही सर्वांत अवघड आहे, कारण ती हाताची नसून धीराची आहे. घोडा ओढला, केप वाजली आणि बार उडाला नाही. बहुतेकांस वाटते, बार मेला. परंतु पुष्कळदा तो मेलेला नसतो. दारू दमट असते, कानात घाण बसलेली असते, ठिणगी पोचावयास वेळ लागत असतो. मनुष्य बंदूक खाली करून नळीत डोकावतो किंवा काडतूस बाहेर ओढतो, आणि त्याच वेळी बार उडतो. ह्या उशिरा उडणाऱ्या बाराचे आख्यान ज्याला ऐकावयाचे असेल त्याने वसईच्या किल्ल्यात जावे. तेथे ते बंदुकीच्या नव्हे, सुरुंगाच्या मापाने घडलेले आहे. सुरुंग तरी काय? जमिनीच्या नळीत भरलेला प्रचंड बारच तो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि दोनशे वर्षांत त्यांनी तेथे दगडी तटाचे एक संपूर्ण शहर उभारले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीची मोहीम हाती घेतली आणि ठाणे घेतले. परंतु वसईवरील पहिले प्रयत्न फसले. १७३९ च्या प्रारंभी चिमाजी आप्पा स्वतः कोकणात उतरले. जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर ह्यांच्यासारखा मोहरा गमवावा लागला. फेब्रुवारीत वसईला वेढा पक्का बसला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे ह्यांच्या फौजाही येऊन मिळाल्या.

किल्ल्याची जागाच अशी की, बहुतेक बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून जावयास वाट उत्तरेकडच्या वाळूच्या पट्ट्यातून तेवढी, आणि त्या बाजूस सेंट सेबास्टियन व रेमेदियुस हे दोन बुरूज पहारा देत होते. तोफांनी तट फोडणे एवढेच पुरेसे नव्हते. म्हणून बुरुजांच्या पायात सुरुंग खणण्याचे काम सुरू झाले. वाळूत आणि ओल्या मातीत, वरून गोळ्यांचा मारा चालू असताना, गुडघ्यावर रांगत भुयार पुढे न्यावयाचे, बुरुजाच्या पोटाखाली कोठी करावयाची, तीत दारू भरावयाची, वात बाहेरपर्यंत आणावयाची आणि भुयाराचे तोंड माती-दगडांनी ठासून बंद करावयाचे. जे बंदुकीत तेच येथे. माप, ठासणे, कोरडेपणा आणि पेटविण्याचा क्रम. फरक एवढाच की, येथे एका चुकीची किंमत एका माणसाने भागत नव्हती.

मे महिन्यात सुरुंगांस बत्ती देण्याचा दिवस उजाडला. त्या हल्ल्याची हकीकत ग्रँट डफ ह्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आली आहे. सुरुंगाने तटास खिंडार पडले. ते दिसताच मराठे त्यात आवेशाने घुसले. परंतु पेटविलेल्या सुरुंगांपैकी एक त्या वेळी फुटलेला नव्हता. तो मेला नव्हता, मागे राहिला होता. खिंडारात माणसांची गर्दी झाली असता तो पायांखाली फुटला, आणि शत्रूसाठी भरलेल्या त्या बाराने मराठ्यांचीच शेकडो माणसे घेतली. वरून पोर्तुगीजांनी हातबाँबांचा मारा केला, आणि ती चढाई मागे फिरली.

सुरुंग असा मागे का राहतो? दारूच्या कामात विलंबाची कारणे थोडी आणि ठरलेली आहेत. सोरा शुद्ध नसला, त्यात दुसरे क्षार राहिले, तर समुद्रकाठची दमट हवा तो शोषून घेतो आणि दारू संथ जळते. वात वाकली, दबली किंवा मध्ये ओली झाली, तर आग तेथे रेंगाळते. आणि शेजारचा सुरुंग आधी फुटला तर त्याच्या हादऱ्याने दुसऱ्याची वात माती खाली दडपली जाते. ती तुटली तर बार निकामी होतो. न तुटता नुसती दडपली तर बार निजतो, आणि निजलेला बार केव्हा जागा होईल हे त्याचा भरणाराही सांगू शकत नाही. शूर शिपायाला खिंडार दिसले की त्याला थांबविणे कठीण असते. त्याच्या शौर्यात उणे काही नव्हते. किती सुरुंग पेटविले आणि किती फुटले, ही मोजणी पूर्ण होण्यापूर्वी पाऊल पुढे पडले, एवढेच झाले. बंदूकवाला केप वाजल्यावर नळीत डोकावतो, तीच ही गोष्ट, हजारपट मोठी.

मराठ्यांनी त्यानंतर धीर सोडला नाही, हा वसईचा गौरव आहे. हल्ला पुन्हा उठला, सेंट सेबास्टियनचा बुरूज हाती आला, आणि किल्ल्यातल्यांची आशा संपली. १६ मे १७३९ रोजी तहाच्या अटी ठरल्या. पोर्तुगीज सैन्यास शस्त्रांनिशी, वाजतगाजत बाहेर जाऊ देण्यात आले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला केलेला नवस पुढे मंदिराच्या रूपाने फेडला गेला, हेही सर्वश्रुत आहे. विजयाचे हे वर्णन प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. त्या विजयाच्या पायरीवर उशिरा फुटलेल्या एका सुरुंगाने किती घरे ओस पाडली, हे मात्र सांगण्याचा प्रघात नाही. तेही सांगितले पाहिजे. पराक्रमाने वसई मिळाली. थोड्या थांबण्याने तीच वसई कितीतरी स्वस्त मिळती.

म्हणून बंदूकवाल्यांच्या नियमांत हा नियम सर्वांत कठोर आहे. बार उडाला नाही तर नळीचे तोंड निर्धोक दिशेकडे तसेच धरून उभे राहावे, निदान पूर्ण एक मिनिट, आणि ठासणीची बंदूक असेल तर त्याहूनही अधिक. खांद्यावरून बंदूक उतरवू नये, तोंड कोणाकडे वळवू नये, नळीत पाहू नये. त्या एका मिनिटात सावज निघून जाते, सोबती हसतात, आणि स्वतःलाही आपण भित्रे दिसतो असे वाटते. हे सर्व खरे आहे. परंतु मोजून थांबणाऱ्या शिकाऱ्याची थट्टा करणारे दुसऱ्या दिवशीही थट्टा करावयास जिवंत असतात, हाही त्यातला एक लाभ आहे.

आजच्या काळात हा विषय कायद्याच्या चौकटीतच पाहिला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबतसुद्धा अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमावाचून बंदूक चालविता येत नाही. ज्या तुंगारेश्वरच्या डोंगरात पूर्वी बार वाजत, तेथे २००३ पासून अभयारण्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदुकीला परवाना लागतो. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, पण तीही परवान्यानेच. काडतुसे तयार करणे हेही परवान्यावाचून करता येत नाही. तेव्हा आजोबांच्या पेटीत जुनी पितळी काडतुसे, छऱ्यांची पिशवी किंवा काळ्या पुडीचा डबा सापडला, तर ती भरून पाहण्याची हौस करू नये. ती पूड जुनी झाली म्हणून निर्बळ झाली असेल, असे समजून तिला काडी लावूनही पाहू नये. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. अशी वस्तू न हलविता पोलीस ठाण्यास कळविणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

कोणी म्हणेल, ज्या घरात बंदूक नाही, पेटी नाही आणि शिकारीची हौसही नाही, त्या घराने ह्या गोष्टी कशास ऐकाव्या? ह्याचे उत्तर दर दिवाळीस मिळते. वसई, नालासोपारा, विरार येथील नव्या इमारतींच्या अंगणांत आणि जुन्या वाड्यांच्या ओट्यांपुढे नरकचतुर्दशीच्या पहाटे जो भुईनळा लावला जातो, तोही एक बारच आहे. दुसऱ्याने भरलेला आणि आपल्या मुलाच्या हाती दिलेला. त्याच्या पोटात तीच तीन द्रव्ये असतात, तीच वात असते आणि तोच दमटपणा असतो. वात जळून जाते आणि नळा उडत नाही. सगळी मुले 'फुसका, फुसका' म्हणून ओरडतात. त्यांतला एक धीट मुलगा पुढे होतो, नळ्यावर वाकतो आणि कोठे अडले म्हणून पाहतो. त्या क्षणी तो मुलगा खिंडारात शिरलेला असतो.

तेव्हा घरातील वडील मनुष्याने दिवाळीच्या आदल्या रात्री एवढे करावे. फटाक्यांचा डबा देवघरातील समईपासून आणि स्वयंपाकघरातील शेगडीपासून दूर ठेवावा. बाहेर नेताना सगळा डबा न नेता एका वेळी लागेल तेवढेच न्यावे, कारण अपघात लहान ठेवण्याचे माप तेच आहे. पाण्याची बादली भरून जवळ असावी. लावणाऱ्याने हात लांब करून, बाजूने लावावे आणि मागे सरावे. जो उडाला नाही त्याच्याकडे कोणीही जाऊ नये. सावकाश शंभर आकडे मोजून मग लांबूनच त्यावर बादलीभर पाणी ओतावे, आणि तो पुन्हा पेटविण्याचा विचारही करू नये. मुलांस हा नियम नुसता सांगून भागत नाही, त्याचे कारण सांगावे लागते. कारण कळले म्हणजे मूलही थांबते. आणि कारण सांगावयास वसईकरांस दूर जावे लागत नाही. किल्ल्यात सेंट सेबास्टियनच्या बुरुजापाशी मुलांस घेऊन जावे, विजयाची गोष्ट सांगावी, आणि तिच्याच जोडीने, न फुटलेल्या एका सुरुंगाकडे धावत गेलेल्या शेकडो शूरांचीही सांगावी.